रंग नव्हे, खोली बघा: दातांचा फ्लोरोसिस ओळखण्यापासून उपचारांपर्यंत

फ्लोरोसिस म्हणजे लहानपणी दात घडत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेल्यामुळे दातांत राहिलेला दोष. अशा दातांबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण तिच्यामुळे पुढचा सगळा हिशेब बदलतो. भडक तपकिरी डाग बऱ्याचदा तासाभरात उतरतो आणि दुरून जेमतेम दिसणारा खडूसारखा पांढरा चट्टा मात्र नाकी नऊ आणतो. आरशासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. त्याच्या दृष्टीने तपकिरी म्हणजे गंभीर आणि पांढरा म्हणजे किरकोळ. उपचार करणारा रंगाकडे कमी बघतो. त्याला हवं असतं एकाच प्रश्नाचं उत्तर: हा दोष दातात किती खोलवर गेलाय?

या लेखात तोच क्रम ठेवला आहे. आधी दोष कसा तयार होतो, मग तो ओळखायचा कसा, पाण्याचा छडा कसा लावायचा आणि शेवटी कोणत्या पायरीला कोणता उपचार.

दात घडताना काय बिघडतं

दाताचं बाहेरचं कठीण आवरण म्हणजे एनॅमल. वजनाने बघितलं तर त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिजाचा असतो. पण ते पहिल्या दिवसापासून इतकं कठीण नसतं. हिरडीच्या आत, हाडात दात घडत असताना एनॅमलच्या पेशी आधी प्रथिनांचा एक मऊ साचा तयार करतात. या साच्यात अमेलोजेनिन नावाचं प्रथिन सर्वांत जास्त असतं. एनॅमल पक्व होताना हा साचा हळूहळू मोडून बाहेर काढला जातो आणि मोकळ्या झालेल्या जागेत खनिज भरत जातं. त्या काळात शरीरात फ्लोराइड जास्त गेलं, तर प्रथिन काढून टाकण्याचं हे काम रेंगाळतं. परिणामी पृष्ठभागाचा पातळ थर बऱ्यापैकी कठीण, पण त्याच्या लगेच खाली सूक्ष्म छिद्रांचा पोकळसर पट्टा, अशी रचना तयार होते. फ्लोराइड जितकं जास्त आणि जितका जास्त काळ जातं, तितका हा पट्टा आत डेंटिनच्या, म्हणजे एनॅमलखालच्या थराच्या दिशेने सरकतो.

म्हणजे दात हिरडीतून वर येतो तेव्हा तो पांढरट असतो, तपकिरी नव्हे. तपकिरी रंग नंतर येतो. खाण्यापिण्यातले रंगद्रव्याचे कण त्या छिद्रांत मुरतात आणि वर्षानुवर्षं गडद होत जातात. खड्ड्यांचंही तसंच. ते जन्मजात नसतात. आतून पोकळ असलेल्या भागावरचं पातळ छप्पर चावण्याच्या दाबाने, घासण्याने ढासळतं आणि खड्डा पडतो. थोडक्यात, पांढरेपणा हा मूळ दोष आहे आणि तपकिरी रंग व खड्डे हे त्याच्यावर नंतर चढलेले थर. वरचे थर काढणं सोपं, मूळ दोषापर्यंत पोहोचणं अवघड. सुरुवातीला म्हटलेल्या उफराट्या गोष्टीचं कारण हे.

छिद्रं पांढरी का दिसतात, हेही समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढे एक अख्खा उपचार याच तत्त्वावर उभा आहे. निरोगी एनॅमलचा प्रकाश वळवण्याचा अंक, म्हणजे अपवर्तनांक, साधारण 1.62 आहे. पाण्याचा 1.33 आणि हवेचा 1.00. छिद्रांत पाणी असेल तर प्रकाश थोडा विखुरतो, हवा असेल तर बराच विखुरतो. म्हणून दात कोरडा केला की चट्टे एकदम उठून दिसतात. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्यांना सकाळी समोरचे दात जास्त पांढरे-ठिपकेदार दिसतात ते याचमुळे. रात्रीत काही वाढलेलं नसतं.

वयाची खिडकी

फ्लोरोसिस दात घडतानाच होतो. दात घडून गेला की कितीही फ्लोराइड घेतलं तरी त्याला फ्लोरोसिस होत नाही. समोरच्या पक्क्या पटाशीच्या दातांचं एनॅमल जन्मानंतर काही महिन्यांत बनायला लागतं आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत पूर्ण होतं. वरच्या मधल्या दोन दातांसाठी सर्वांत नाजूक काळ साधारण 15 ते 30 महिने वयाचा मानतात. उपदाढा आणि दुसऱ्या दाढा उशिरा घडतात, त्यांचं काम सातव्या-आठव्या वर्षापर्यंत चालतं. अक्कलदाढा त्यानंतरही घडत राहतात, पण त्यांच्या दिसण्याची फिकीर कोणी करत नाही. त्यामुळे व्यवहारात जन्मापासून आठ वर्षं हीच खिडकी धरायची.

चाळिशीतला माणूस 'टूथपेस्टमुळे डाग वाढले' म्हणतो तेव्हा तो चुकीच्या आरोपीला धरून बसलेला असतो. त्याच्या दातांवरची नोंद चाळीस वर्षांपूर्वीची आहे.

या नोंदीचा अर्थ लावायला एका दंतवैद्याची जवळजवळ तीन दशकं गेली. फ्रेडरिक मॅके 1901 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात दवाखाना थाटायला गेला आणि तिथल्या लोकांच्या दातांवरचे तपकिरी डाग पाहून चक्रावला. 1923 मध्ये तो आयडाहो राज्यातल्या ओकली गावात गेला. तिथल्या पालकांनी त्याला सांगितलं, की पाच मैलांवरच्या गरम पाण्याच्या झऱ्यावरून गावाला नळ आला, त्यानंतर मुलांच्या दातांवर डाग दिसायला लागले. मॅकेने त्या पाण्याची तपासणी करून घेतली, संशयास्पद काहीच सापडलं नाही, तरी त्याने तो झरा सोडून दुसरा शोधायला सांगितलं. काही वर्षांत धाकट्या मुलांचे पक्के दात स्वच्छ येऊ लागले. थोरल्यांचे डाग मात्र होते तसेच राहिले. झऱ्यात काय होतं ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. 1931 मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने अशा पाण्यांच्या तपासणीत फ्लोराइड शोधून काढलं. पण ओकलीतल्या थोरल्या आणि धाकट्या भावंडांच्या दातांमधल्या फरकाने खिडकीची गोष्ट आधीच सांगून टाकली होती.

पाहणी: आरशासमोरची दहा मिनिटं

दवाखान्यात जाण्याआधी घरी हे करून बघा. निदान तुम्ही करू नका, पण निरीक्षण नक्की करा. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

आधी दात नीट घासून घ्या. कीटण किंवा चहा-तंबाखूचा वरवरचा थर असेल तर खालचं काही कळत नाही. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात उभे राहा. पिवळ्या दिव्याखाली सगळेच दात आजारी दिसतात.

पहिल्यांदा दात ओले असतानाच बघा आणि फोटो काढा. मग ओठ वर धरून कापसाने दात टिपून घ्या, एक-दोन मिनिटं कोरडे राहू द्या आणि पुन्हा बघा. दोन फोटोंतला फरक फार बोलका असतो. जे चट्टे फक्त कोरडे केल्यावर उमटले ते कमी सच्छिद्र. जे ओल्या दातावरही ठळक होते ते जास्त सच्छिद्र आणि बहुधा जास्त खोल.

आता मान थोडी वळवून, उजेड बाजूने तिरका पडेल असं बघा. फ्लोरोसिसच्या बारीक रेषा तिरक्या उजेडात जास्त कळतात. समोरून सरळ प्रखर उजेड टाकल्यावरच जो ठिपका नीट दिसतो, तो बऱ्याचदा फ्लोरोसिसचा नसतो.

मग डाव्या बाजूची उजव्या बाजूशी तुलना करा. एकाच वेळी घडलेली जोडी, म्हणजे डावा सुळा आणि उजवा सुळा, डावी उपदाढ आणि उजवी उपदाढ, सारख्याच दिसायला हव्यात. फ्लोराइड रक्तातून येतं, ते डावं-उजवं करत नाही.

मिळतेजुळते दोष, म्हणजेच सोंगं

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या महाग पडतात. पांढरा डाग दिसला की फ्लोरोसिस, असं समीकरण डोक्यात बसलेलं असतं. पण दातावरच्या पांढऱ्या डागाची किमान पाच-सहा कारणं आहेत आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे.

खऱ्या फ्लोरोसिसची खूण अशी: दोन्ही बाजूंना सारखे, दात वाढताना उमटणाऱ्या बारीक आडव्या ओळींना धरून जाणारे पांढरे पट्टे. कडा धूसर, कुठे डाग संपला आणि कुठे चांगला दात सुरू झाला ते बोट ठेवून सांगता येत नाही. दाढांच्या उंचवट्यांवर आणि समोरच्या दातांच्या धारेवर बर्फ साचल्यासारखी पांढरी टोपी. आणि उशिरा घडणाऱ्या उपदाढा व दुसऱ्या दाढा बहुधा समोरच्या दातांपेक्षा जास्त बाधित.

एकाच दातावर, गोल किंवा लांबट, कडा स्पष्ट असलेला, सायीच्या किंवा नारिंगीकडे झुकणाऱ्या रंगाचा ठिपका असेल तर फ्लोरोसिसचा संशय सोडा. लहानपणी पडल्यामुळे दुधाच्या दाताला मार बसला असेल किंवा त्याच्या मुळाशी पू झाला असेल, तर खाली घडत असलेल्या पक्क्या दातावर असा वण राहतो.

पहिल्या पक्क्या दाढा आणि समोरचे दात एवढेच बाधित, एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी, कडा स्पष्ट, दाढ थंड पाण्याला कळवळते आणि वर आल्यावर लगेच तुकडे पडायला लागतात, हे चित्र वेगळ्याच आजाराचं आहे. त्याला मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन म्हणतात, थोडक्यात एमआयएच. हा फरक का महत्त्वाचा? फ्लोरोसिसचा दोष बाहेरून आत जातो. एमआयएचमध्ये तो बऱ्याचदा आतून, डेंटिनच्या बाजूने सुरू होतो. त्यामुळे वरून घासून किंवा रेझिन (प्रकाशाने घट्ट होणारा पातळ द्रव) मुरवून जो उपाय फ्लोरोसिसवर चालतो, तो तिथे अर्ध्यावर अडकतो. चुकीचं नाव दिलं की योग्य उपचारही फसतो.

हिरडीच्या कडेने चंद्रकोरीसारखा, खडबडीत, निस्तेज पांढरा पट्टा आणि त्यावर कीटण, ही कीड लागण्याची पहिली पायरी. ब्रेसेस काढल्यावर त्यांच्या चौकटीभोवती उरलेले पांढरे वेढे हेही कीडच. गंमत अशी, की हा डाग फ्लोराइडनेच थांबवता येतो. फ्लोरोसिस समजून फ्लोराइडची पेस्ट बंद केली, की कीड मोकाट सुटते.

टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांमुळे दातांवर राखाडी-तपकिरी पट्टे येतात. ते एनॅमलमध्ये कमी आणि आतल्या डेंटिनमध्ये जास्त असतात, अतिनील प्रकाशात चमकतात. गरोदरपणात आईने किंवा लहानपणी मुलाने ते औषध घेतलं होतं का, हे विचारावंच लागतं. आणि दुधाचे तसेच पक्के, सगळेच दात बाधित असतील, घरात आणखी कुणाचे तसेच असतील, तर एनॅमलच्या आनुवंशिक दोषाचा विचार करायचा. फ्लोरोसिस दुधाच्या दातांत तुलनेने सौम्य असतो.

शेवटचं आणि सगळ्यात सोपं सोंग: वरवरचे डाग. दवाखान्यात दात साफ करून पॉलिश केल्यावर ते निघून जातात. म्हणून साफसफाईच्या आधी फ्लोरोसिसची प्रत ठरवण्यात अर्थ नाही.

प्रत कशी ठरवतात

ट्रेंडली डीन यांची पद्धत 1930 च्या दशकात आली आणि 1942 मध्ये तिला आजचं रूप मिळालं. शंकास्पद, अतिसौम्य, सौम्य, मध्यम, तीव्र अशा तिच्या पायऱ्या. अतिसौम्य म्हणजे दाताच्या चतुर्थांशापेक्षा कमी भागावर पांढरेपणा, सौम्य म्हणजे निम्म्यापर्यंत, मध्यम म्हणजे जवळजवळ सगळा पृष्ठभाग, तीव्र म्हणजे खड्डे. गावागावांतली तुलना करायला ही पद्धत उत्तम. उपचार ठरवायला मात्र मला ती ढोबळ वाटते.

त्यासाठी 1978 मध्ये थिलस्ट्रप आणि फेयर्सकॉव यांनी मांडलेली 0 ते 9 ची मोजपट्टी जास्त कामाची, कारण ती दोषाची खोली डोळ्यासमोर ठेवून रचलेली आहे. दात कोरडे करून बघायचे. 1 म्हणजे बारीक पांढऱ्या रेषा, 2 म्हणजे त्याच रेषा ठळक, 3 म्हणजे रेषा मिसळून ढगाळ भाग, 4 म्हणजे अख्खा पृष्ठभाग खडूसारखा. 5 पासून एनॅमल ढासळायला लागतं: दोन मिलिमीटरहून लहान सुटे खड्डे. 6 मध्ये खड्ड्यांच्या आडव्या ओळी, 7 मध्ये वरचा थर निम्म्याहून कमी भागात गेलेला, 8 मध्ये निम्म्याहून जास्त, 9 मध्ये एनॅमलचा बहुतांश भाग गेलेला आणि दाताचा आकारच बदललेला. यात रंगाला गुणच नाहीत, हे लक्षात आलं असेल. डॉक्टरांना या मोजपट्टीवरचा तुमचा अंक, म्हणजे टीएफ अंक (थिलस्ट्रप-फेयर्सकॉवची आद्याक्षरं), विचारा. 4 आणि 5 यांच्या मध्ये उपचारांची वाट दुभंगते.

खोली बघण्याची आणखी एक साधी युक्ती आहे: दाताच्या मागून प्रकाश टाकायचा. वरवरचा दोष प्रकाशात जवळजवळ विरून जातो, खोल दोषाची गडद सावली पडते.

पाण्याचा छडा

दात तुमच्या वयाच्या पहिल्या आठ वर्षांबद्दल सांगतोय, म्हणून प्रश्नही त्याच काळाचे. तेव्हा कुठे राहत होता? पाणी विहिरीचं, कूपनलिकेचं की नळाचं? वरचं दूध पावडरीचं होतं का आणि ते कोणत्या पाण्यात कालवायचे? मूल पेस्ट गिळायचं का? कुणी फ्लोराइडच्या गोळ्या दिल्या होत्या का? चहाच्या पानांतही फ्लोराइड साठतं, त्यामुळे लहान मुलाला रोज चहा मिळत होता का, हेही विचारून घ्या.

प्रौढ माणसाला जुन्या पाण्याची तपासणी करून स्वतःसाठी फारसं काही मिळत नाही. पण ते पाणी आजही घरात कुणी पीत असेल, तर तपासणी हवीच. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडची मर्यादा लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम आहे. 3 ते 6 मिलिग्रॅमच्या घरातलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडांवर परिणाम दिसू शकतो. इथे प्रौढांनाही खिडकीची सवलत नाही. दातांवर ठळक फ्लोरोसिस आणि जोडीला सांधे, मान, पाठ आखडत असेल, तर दंतवैद्यावर थांबू नका, फिजिशियनला दाखवा.

नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्या, काचेच्या नको, कारण फ्लोराइड काचेशी क्रिया करतं. कूपनलिकेचं पाणी असेल तर पंप काही मिनिटं चालू ठेवून मग बाटली भरा. जमिनीखालच्या पाण्यात ऋतूप्रमाणे चढउतार होतो, म्हणून एकाच नमुन्यावर निश्चिंत होऊ नका. कोरड्या दिवसांत पुन्हा तपासा.

आकडा जास्त आला तर? पाणी उकळू नका. म्हणजे जंतूंसाठी जरूर उकळा, पण फ्लोराइड त्याने जात नाही, उलट वाफ उडून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात ते घट्ट होतं. साधा कँडल फिल्टर आणि अतिनील दिव्याचं यंत्रही फ्लोराइड काढत नाही. आरओ काढतं, पडदा वेळेवर बदलला तर. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना आणि हाडांच्या कोळशाचे फिल्टरही फ्लोराइड धरून ठेवतात, पण त्यांची क्षमता संपते आणि संपल्याचं पाण्याच्या चवीवरून कळत नाही. त्यामुळे फिल्टर बसवल्यावरही ठरावीक काळाने पाणी तपासावं लागतं. सामुदायिक पातळीवर तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची नालगोंडा पद्धत आहे. घरी अंदाजपंचे तुरटी फिरवणं म्हणजे ती पद्धत नव्हे. तिच्यात मात्रा पाण्याचा क्षारपणा आणि फ्लोराइड मोजून ठरवतात. सगळ्यात चांगला उपाय कंटाळवाणा आहे: कमी फ्लोराइडचा दुसरा स्रोत शोधणं.

उपचारांच्या पायऱ्या

नियम एकच. खालच्या पायरीवरून सुरू करायचं आणि जिथे समाधान झालं तिथे थांबायचं. काढलेलं एनॅमल परत उगवत नाही. आणि उपचाराआधी ओल्या दातांची शेड आणि फोटो घ्यायला सांगा, कारण खुर्चीत पाच मिनिटं तोंड उघडं राहिलं की दात वाळून खोटे पांढरे दिसायला लागतात.

शून्यावी पायरी म्हणजे काहीच न करणं. टीएफ 1-2 चे दात पुष्कळांना लक्षातही येत नाहीत. दात मजबूत असतात, सौम्य फ्लोरोसिस कीड ओढवून घेत नाही. त्रास होतोय तो तुम्हाला की शेजारणीला, हे एकदा तपासून बघा. फारच सौम्य चट्ट्यांवर कॅल्शियम-फॉस्फेटच्या क्रीम देतात. संवेदनशीलतेवर त्या बऱ्या. चट्टे घालवण्याबाबत माझ्या अपेक्षा माफक आहेत.

पहिली पायरी ब्लीचिंग. इथे एक गैरसमज आहे, की ब्लीचिंगने पांढरा डाग जातो. जात नाही. आजूबाजूचा दात उजळ होतो आणि डाग त्यात मिसळून जातो. तपकिरी छटा मात्र खरोखर फिकी होते. सर्वांत जपून केला जाणारा प्रकार म्हणजे मापाच्या साच्यात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल घालून, रात्री घरी, दोन ते चार आठवडे. पहिल्या काही दिवसांत पांढरे ठिपके जास्तच भडक दिसतात. घाबरून अर्ध्यावर सोडणारे इथेच सोडतात. दात शिवशिवले तर एक-दोन रात्री खाडा करा, पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट वापरा.

दुसरी पायरी मायक्रोॲब्रेजन, आणि तपकिरी डागांवर माझा पहिला भरवसा हिच्यावर. 6.6 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि सिलिकॉन कार्बाइडची बारीक पूड असलेली पेस्ट, किंवा 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिड आणि प्युमिस, हळू फिरणाऱ्या रबरी कपाने काही सेकंद घासायची, धुवायची, बघायची. असं काही वेळा. यात एनॅमलचा साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटर थर जातो. दोष तेवढ्याच खोलीत असेल तर निकाल बघण्यासारखा लागतो. दहा-बारा फेऱ्यांनंतर फरक दिसेना, तर डाग खोल आहे आणि थांबायला हवं. हिरड्यांना ॲसिड लागू नये म्हणून रबर डॅम, म्हणजे दातांभोवती ताणायचा रबरी पडदा, आणि डोळ्यांना चष्मा हवाच. तो लावत नसतील, तर विचारा. अनेकदा आधी मायक्रोॲब्रेजन, मग ब्लीचिंग ही जोडी चांगली जमते, कारण घासल्यानंतर आतला पिवळेपणा थोडा डोकावतो आणि ब्लीचिंगने तो सावरतो.

तिसरी पायरी रेझिन इन्फिल्ट्रेशन. प्रकाशाचं गणित इथे कामाला येतं. छिद्रांतली हवा-पाणी काढून तिथे 1.52 च्या जवळचा अपवर्तनांक असलेलं पातळ रेझिन मुरवलं, की एनॅमलच्या 1.62 शी फरक नगण्य उरतो आणि डाग दिसेनासा होतो. कृती अशी: 15 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडची जेल दोन मिनिटं, धुणं, सुकवणं, मग दातावर इथेनॉल. हे इथेनॉल म्हणजे फुकटात मिळालेली रंगीत तालीम. ते लावल्यावर डाग फिका पडला, तर रेझिननेही पडेल. नाही पडला, तर ॲसिडची फेरी पुन्हा. मग रेझिन तीन मिनिटं मुरवायचं, प्रकाशाने घट्ट करायचं, पुन्हा एक मिनिट आणि पुन्हा प्रकाश, शेवटी पॉलिश. टीएफ 1 ते 3 ला हे सुरेख चालतं, 4 ला कधी पूर्ण, कधी अर्धवट. एक पथ्य: ब्लीचिंग करायचं असेल तर ते आधी करा आणि मग दोन आठवडे थांबा. ब्लीचिंगनंतर दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. हा नियम कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) आणि व्हिनिअर (दातावर पुढून चिकटवायची पातळ पापडी) यांनाही लागू.

खड्डे पडले, म्हणजे टीएफ 5 च्या पुढे गेलात, की आता नुसतं घासून-मुरवून भागत नाही, काहीतरी भरावं लागतं. कॉम्पोझिटने खड्डे भरता येतात, गरजेपुरता पुढचा भाग झाकता येतो आणि तुटलं तर दुरुस्त करता येतं. अडचण एक आहे. फ्लोराइडने भरलेला वरचा थर ॲसिडला दाद देत नाही, त्यामुळे नेहमीच्या वेळेत दात नीट खरखरीत होत नाही आणि कॉम्पोझिट सुटून येतं. अनुभवी डॉक्टर तो थर थोडा काढून घेतात किंवा ॲसिड जास्त वेळ ठेवतात. 'माझं फिलिंग दोनदा निघालं' म्हणणाऱ्याने तिसऱ्यांदा बसण्याआधी हा प्रश्न जरूर विचारावा.

पोर्सिलेनचे व्हिनिअर टीएफ 5 ते 7 साठी, तेही वाढ पूर्ण होऊन हिरडीची रेषा स्थिरावल्यावर. त्यासाठी दात साधारण 0.3 ते 0.7 मिलिमीटर घासावा लागतो आणि पुढे आयुष्यभर ते बदलत राहावं लागतात. टीएफ 2-3 च्या किशोरवयीन मुलीला कुणी दहा व्हिनिअर सुचवले, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. 8-9 ला, जिथे एनॅमलच उरलेलं नाही, तिथे कॅप हाच प्रामाणिक उपाय आहे.

आणि लिंबू, खायचा सोडा, कोळशाची पूड? लिंबाचं ॲसिड चांगल्या-वाईट सगळ्या एनॅमलला खातं, कोळसा ओरखडे पाडतो. छिद्रांच्या तळाशी यातलं काहीच पोहोचत नाही.

घरात लहान मूल असेल तर

लहान मुलाला दिवसाला वजनाच्या किलोमागे 0.1 मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड जाऊ नये, असा साधारण दंडक आहे. दहा किलोच्या मुलासाठी हे झालं 1 मिलिग्रॅम. 1000 पीपीएमच्या पेस्टच्या एका ग्रॅममध्ये तेवढंच फ्लोराइड असतं आणि जाहिरातीत ब्रशभर पिळलेली ती लहरदार पट्टी साधारण एक ग्रॅमच्या आसपास भरते. मुलाने ती गिळली, की दिवसाचा कोटा एका घासण्यात संपला. दुसरीकडे लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं पाणी दिवसाला लिटरभर पोटात गेलं, तर कोटा दीडपट झाला आणि पेस्टचा अजून हिशेबच धरलेला नाही.

उपाय पेस्ट बंद करणं हा नाही. कीड हा जास्त मोठा शत्रू आहे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, पेस्ट मोठ्याने लावून द्यायची, घासून झाल्यावर थुंकायला शिकवायचं. गोड चवीची ट्यूब हाताला लागेल अशी ठेवायची नाही. फ्लोराइडच्या गोळ्या किंवा थेंब पाण्याचा आकडा माहीत असल्याशिवाय सुरू करायचे नाहीत.

चौदा वर्षांच्या मुलीचे डाग दाखवायला आई येते, तेव्हा मी कडेवरच्या धाकट्याचं वय विचारतो. मुलीचा उपचार पुढच्या महिन्यात केला काय आणि पुढच्या वर्षी केला काय, डाग तोच राहणार आहे. धाकटा दीड वर्षाचा असेल, तर त्याचे वरचे दोन दात आत्ता, या आठवड्यात घडतायत. पाण्याची बाटली आधी तपासायला जाऊ दे.